दुसरं लुगडं

मुरुमच्या पेठेत मल्लिनाथचं कापडाचं दुकान होतं. माणूस कसा, तर टोपी सरळ, बोलणं मोजकं, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घेणं नाही. लोक त्याला करारी म्हणत. खरं सांगायचं तर तो नुसता हट्टी होता, पण पेठेतल्या दुकानदाराला तोंडावर हट्टी कोण म्हणणार? करारी म्हटलेलं त्यालाही बरं वाटायचं.

तर अशा ह्या मल्लिनाथनं त्रेसष्ट साली शिवरात्र झाली तशा पायातल्या वहाणा काढून कोनाड्यात ठेवल्या आणि बायकोला सांगितलं, की यंदा कंबीबरोबर श्रीशैलाला आपण जाणार, आणि तेही चालत. जगदेवीनं हातातलं सूप खाली ठेवलं. ज्या माणसाला दुकानापासून घरापर्यंत यायला छत्री लागायची, तो अनवाणी पावणेतीनशे मैल चालायचं म्हणत होता. पण तिनं त्याला अडवलं नाही. सासरे जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून नवरा धड जेवत नव्हता, एवढं तिला दिसत होतं.

कंबी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मुरुम, आळंद, त्या बाजूच्या लिंगायतांचं श्रीशैलाशी एक नातं आहे. तिथली भ्रमरांबा ही आपल्या घरची लेक, आणि मल्लय्या, म्हणजे प्रत्यक्ष मल्लिकार्जुन, आपला जावई. लेक दिली ती अशी लांब, घोर रानात. म्हणून दरसाल पाडव्याच्या आत माहेरच्यांनी लुगडं-चोळी घेऊन तिच्याकडं जायचं. खांद्यावर सजवलेली लांब काठी, ती कंबी; ती पुढं आणि माणसं मागं. कृष्णा ओलांडायची, तुंगभद्रा ओलांडायची, आणि मग नल्लमलाचं जंगल, चार दिवसांचं. वाघ आहेत, अस्वलं आहेत, आणि फाल्गुनात पाणी शोधावं लागतं. वाटेत जावयाला शिव्या घालायचीही मुभा असते, एवढ्या आडरानात घर केलंस म्हणून.

मल्लिनाथचे वडील महांतप्पा ही वाट तेरा वर्षं चालले. अलीकडं तर वर देवळापर्यंत बसही जायला लागली होती, पण म्हातारा तिच्यात बसला नाही. लेकीकडं जाताना पाय दुखत नसत्यात, म्हणायचा. निघताना दरवर्षी मुलाला विचारायचा, येतोस का. आणि मुलगा म्हणायचा, पुढल्या साली बघू. महिनाभर दुकान सोडून रानात हिंडणं हे मल्लिनाथला म्हातारपणाचं खूळ वाटायचं, आणि तो ते चारचौघांत बोलूनही दाखवायचा. मग वडील गेल्यावरच त्याला ही ओढ का लागली? त्याला कारण होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

महांतप्पांना खरोखरची लेकही होती. शिवकांता, मल्लिनाथहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मल्लूला न्हाऊमाखू घातलं ते ह्या अक्कानं. तिला लोहाऱ्याला दिलं होतं, सिद्धलिंग नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा धुमाकूळ चालला तेव्हा मल्लिनाथ सोलापूरकडं, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा सोबती गोळी लागून मेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, वारं उलटं फिरलं, आणि ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशाही मुसलमानांच्या घरांवर माणसं धावून गेली. लोहाऱ्यात सिद्धलिंगनं शेजारच्या बाबामियाँ शिंप्याला बायकापोरांसकट आपल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरवलं, तोंडाशी कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि अकरा दिवस तसंच ठेवलं. शिवकांता रोज भाकऱ्या खाली सोडायची.

पुढल्या वर्षी मल्लिनाथचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या पंगतीत कुणीतरी ही गोष्ट कौतुकानं सांगितली आणि ती नवरदेवाच्या कानावर पडली. बावीस वर्षांचं वय, मेलेला सोबती अजून डोळ्यांपुढं. ज्याच्या पेवात ते लपले त्याच्या पंगतीला मी बसणार नाही, असं तो भर मांडवात म्हणाला. सिद्धलिंगनं पानाला हात जोडले आणि तो उठला. त्याच्यामागून शिवकांता उठली. नवरदेव एवढ्यावर थांबला असता तरी दहा वर्षांनी सगळे विसरले असते. पण मल्लिनाथ बापापुढं जाऊन उभा राहिला. ह्यापुढं त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, त्यांना आपल्या घरी बोलावणार नाही, त्या घरी चिंधीसुद्धा धाडणार नाही, असं लिंगावर हात ठेवून म्हणा. नाहीतर उद्या मी लग्नाला उभा राहत नाही. नवरीकडची माणसं येऊन उतरलेली. सगळं गाव बघत होतं. महांतप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

हे लिंग लिंगायत माणूस जन्मभर उतरवत नाही. मेल्यावरही ते त्याच्या तळहातावर ठेवतात आणि बसवून माती देतात. त्याच्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हातारा मोडणार नव्हता. मुलानं ‘सोडली’ एवढा एक शब्द म्हटला असता तर तो सुटला असता. मल्लिनाथला आपली चूक कळायला फार वर्षं लागली नाहीत. सिद्धलिंगनं केलं ते आपल्याच्यानं झालं नसतं, हेही त्याला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि पेठेतल्या करारी माणसानं तोंड उघडून म्हणणं वेगळं. तेरा वर्षं तो हा शब्द उद्यावर टाकत राहिला.

कार्तिकात महांतप्पांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मुलाचं मनगट धरलं. म्हणाले, "मल्लू, मला शपथंतनं सोडीव. शिवकांतीला बलीव." मल्लिनाथच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण आता सोडवलं तर बाप मरतोय हे कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. निदान पुढं त्यानं स्वतःला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरे व्हा, मग बघू. पहाटे महांतप्पा गेले. लोहाऱ्याला निरोप त्यानं पाठवलाच नाही. कुठल्या तोंडानं पाठवणार?

म्हणून श्रीशैल. अप्पा जिथं पोचायचे तिथं त्यांच्यासारखंच अनवाणी पोचावं, त्यांच्यासारखंच लुगडं घेऊन पोचावं, म्हणजे तिथं कुठंतरी ते आपलं ऐकतील, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. दुकानातलं सगळ्यांत भारी टोपपदराचं इरकल लुगडं त्यानं धोतरात बांधलं आणि गाठोडं काखेत मारून तो निघाला.

कंबीत नऊ माणसं होती. म्होरक्या ईरण्णा तेली, महांतप्पांचा जन्माचा जोडीदार, पासष्टी उलटलेला आणि तरी सगळ्यांच्या पुढं. मल्लिनाथ येतोय म्हटल्यावर त्यानं नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बिब्बे जास्त घे म्हणाला. बिब्बे लागलेच. गुलबर्ग्यापर्यंत मल्लिनाथचे तळवे फुटले. रायचूरला पोचेतो त्याची चाल बघून बाकीचे तोंड फिरवून हसायचे. संध्याकाळी ईरण्णा त्याचा पाय मांडीवर घेई, भेगांना तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देई आणि वर म्हणे, आता ओरडू नको, जावयाचं घर लांब आहे अजून. मल्लिनाथ दात आवळून घेई. दुखण्यानं त्याला बरंच वाटत होतं. अप्पांचे पायही असेच फुटले असतील, आणि आपण एकदाही ते बघितले नाहीत, हे मात्र त्याला चटक्यापेक्षा जास्त लागायचं.

आत्मकूर सोडलं आणि जंगल सुरू झालं. मुरुमच्या माणसाला रान म्हणजे बाभळी, बोरी आणि चार मैलांवरून दिसणारी पुढच्या गावाची चिंच. इथं दहा हातांवरचं दिसत नव्हतं. दगडी पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. वाट दाखवायला त्या रानातल्या चेंचू लोकांतले दोघं, खांद्याला धनुष्य, अंगावर लंगोटी; त्यांना त्याबद्दल पीठ द्यायचं. पेचेरूच्या तळ्यावर चिखलात वाघाचे पाय उमटले होते आणि त्यात पाणी अजून निवळलं नव्हतं. चेंचूंनी ते बघितलं आणि सगळ्यांना हर हर महादेव मोठ्यानं म्हणायला लावलं. मल्लिनाथ इतका मोठ्यानं ओरडला, की त्याचं त्यालाच हसू आलं. वडील गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. ह्या वाटेवर अप्पा तेरा वेळा ओरडले असतील आणि हसले असतील. येतोस का, असं ते का विचारायचे हे त्याला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो मागं पडला. तळव्यात काटा मोडला होता. तो काढायला बसला, आणि वर बघतो तो पुढची माणसं वळणाआड गेलेली. ऊन मी म्हणत होतं. मोहाची फुलं गळत होती आणि त्यांचा वास सुटला होता. पंधरा-वीस पावलांवर, मोहाच्याच बुंध्याशी, काळं काहीतरी हललं. अस्वल होतं. फुलं वेचून खात होतं आणि मान खाली होती. मल्लिनाथला पळता येईना, ओरडता येईना. त्यानं गाठोडं छातीशी धरलं आणि अप्पा, अप्पा म्हणत राहिला. देवाचं नाव त्याला आठवलंच नाही. अस्वलानं एकदा मान वर केली, नाक फुलवलं, आणि पाठ फिरवून ते झाडीत शिरलं. ते गेल्यावरच मल्लिनाथची पकड सुटली. गाठोडं हातातून निसटून धुळीत पडलं आणि उकललं.

ईरण्णा त्याला शोधत मागं आला तेव्हा तो तसाच बसलेला होता. अस्वल आलं होतं एवढं कसंबसं सांगून झालं. ईरण्णानं त्याला पाणी पाजलं, धुळीतलं इरकल उचललं, झटकलं, आणि गाठोड्यात हात घालून चाचपलं.

"एकच?" तो म्हणाला. "दुसरं कुठं हाय?"

मल्लिनाथला कळेना. दुसरं कुठलं? देवीला एक न्यायची रीत, ते एक घेतलं.  ईरण्णा शेजारच्या दगडावर बसला आणि सांगायला लागला. महांतप्पा दरसाल दोन लुगडी न्यायचे. एक मुलाच्या दुकानातलं, सगळ्यांना दिसेल असं. दुसरं आळंदच्या बाजारात घ्यायचे, मुरुमात कुणाला कळू नये म्हणून. वर गेल्यावर दोन्ही देवीच्या पायांशी ठेवायचे.

"तुजा बाप तिला म्हनायचा, तुमी दोगी बहिनी. एक तुजं, एक शिवकांतीचं. तिच्या घरी मला पाय ठिवता येत न्हाय, तवा तू पोचीव."

तेरा वर्षं, तेरा लुगडी.  मला का कुणी सांगितलं नाही, असं मल्लिनाथनं विचारलं.

"त्यानं सांगू दिलं न्हाय," ईरण्णा म्हणाला. "पोराला वाईट वाटंल म्हनायचा."

ईरण्णानं काटा काढला, बिब्बा लावला, आणि दोघं उठले. त्यानंतर भीमनकोळ्याच्या दरीची सरळसोट उतरण, खाली गार पाणी, पुन्हा छातीवर येणारा चढ, हे सगळं मल्लिनाथ चालला, पण त्याचं त्यात लक्ष नव्हतं. लोहारा मुरुमपासून एका दिवसाची वाट. अप्पा सव्वीस वेळा हे जंगल तुडवत गेले आले, कारण ती एका दिवसाची वाट आपण बंद केली होती. आणि आपण त्याला खूळ म्हणत होतो.

श्रीशैलाला लिंगावर कुणालाही डोकं टेकता येतं; तो जावई, त्याला सासरच्या माणसांचा विटाळ नाही. मल्लिनाथनं कपाळ टेकलं आणि थांबून राहिला. ह्याच क्षणासाठी तो अठरा दिवस चालला होता. काही झालं नाही. दगड गार होता, एवढंच. मागची माणसं पुढं सरका म्हणायला लागली.

देवीपुढं त्यानं नारळ ठेवला, हळदकुंकू ठेवलं, खण ठेवला. गाठोडं काही सोडलं नाही. कंबीतली माणसं कुजबुजली. लेकीला लुगड्याविना भेटायचं असतं का? एकजण तर त्याला बोलायलाच निघाला, पण ईरण्णानं त्याचा हात धरला. मग ईरण्णानंच स्वतःच्या लेकीसाठी कर्नूलला घेतलेलं पातळ पिशवीतून काढलं आणि देवीच्या पायांशी ठेवलं. मल्लिनाथनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, की मी बसनं पुढं जातो, मला आता चालायला सवड नाही. ईरण्णा जा म्हणाला.

बस, रेल्वे, पुन्हा बस. तिसऱ्या दिवशी दुपारी तो लोहाऱ्यात उतरला. घर विचारावं लागलं, कारण वाट विसरली होती. अंगणात एक माणूस बैलांसाठी कडबा तोडत होता, डोक्याचे केस पांढरे. मल्लिनाथनं त्याला ओळखलं नाही. त्यानं मात्र ओळखलं. सिद्धलिंगनं विळा ठेवला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि पाय धुवा म्हणाला. पाण्याखाली तळवे बघितल्यावर तो परत आत गेला आणि वाटीत तेल घेऊन आला. कुठून आलात, का आलात, काही विचारलं नाही. शेजारच्या घरात शिलाईचं मशीन चालू होतं. त्या आवाजानं मल्लिनाथची मान जी खाली गेली ती वर येईना. माझं चुकलं, भाऊजी, असं तो पाण्याकडं बघतच म्हणाला. सिद्धलिंगनं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत बोट केलं.

शिवकांता चुलीपाशी बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि बस म्हणाली, जसा तो सकाळीच घरातून बाहेर गेला होता. त्यानं लुगडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही. मग तो सांगत सुटला, जंगल, अस्वल, ईरण्णा, आळंदच्या बाजारातली लुगडी, अप्पा देवीला काय म्हणायचे ते. शिवकांतेचे हात मांडीवर तसेच पडून होते. त्याचं सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"अप्पा शेवटाला काय म्हनले?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. शांतपणानं गेले, तुझं नाव घेत गेले, एवढं म्हटलं असतं तर दोघांचंही भागलं असतं. सगळ्या वाटभर तो हेच वाक्य जुळवत आला होता. पण अक्कापुढं लहानपणापासून त्याला खोटं बोलता आलं नव्हतं. अप्पांनी मनगट धरलं, शपथेतून सोडव म्हणाले, शिवकांतीला बोलव म्हणाले, आणि मी बरे व्हा मग बघू म्हणालो. त्यानं ते जसं घडलं तसं सांगितलं आणि तिच्या हातून काय मिळेल ते घ्यायला तयार होऊन बसला.

तिनं शिवी दिली नाही. ती चुलीतल्या राखेकडं वळली. मग बोलायला लागली ती मल्लिनाथशी नव्हे, आपल्याशीच बोलल्यासारखी.

"बांगड्यावाली कडूबाई आलती, तिनं सांगितलं. अप्पांना जाऊन नऊ दिस झालते. म्या भाकरी थापत हुते. थापतच ऱ्हायले. रडले न्हाय. म्हनलं, ज्या बापानं तेरा वर्सं लेकीचं तोंड बघितलं न्हाय, त्येच्यासाठी कशाला रडायचं. घरात सुतक धरू दिलं न्हाय म्या. ह्येंनी समजावलं, तरी धरू दिलं न्हाय."

मल्लिनाथ काहीतरी बोलायला गेला. तिनं हातानंच थांबवलं.

"मला आता रडायचंय, मल्लू. तू जरा भाईर बस."

तो उठला. ओट्यावर सिद्धलिंग बसला होता, त्यानं सरकून जागा करून दिली. आतून आधी काहीच आवाज आला नाही, आणि मग आला. शेजारचं मशीन थांबलं. सिद्धलिंगनं डोळ्यांना उपरणं लावलं. बाप गेल्यापासून मल्लिनाथही अजून रडला नव्हता, आणि आत्ता आत जाऊन अक्काच्या मांडीवर डोकं ठेवावं असं त्याला फार वाटत होतं. पण तिनं बाहेर बस म्हटलं होतं, म्हणून तो बाहेरच बसून राहिला.